मराठी राज्य मिळालं, मराठी अक्षर कधी मिळणार?



आम्ही लिंबागणेशचे. बीडहून मांजरसुंब्याला यायचं, तिथून पाटोद्याच्या वाटेला लागायचं, की बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात आमचं गाव लागतं. गावाला नावच गणपतीचं. भालचंद्र गणपतीचं देऊळ आहे, चतुर्थीला लांबलांबची माणसं येतात, नारळ फुटतात. आता हा देव कोण? व्यासांनी सांगितलं आणि ज्यानं महाभारत लिहून काढलं, तो! मराठी मुलुखात पोराच्या हाती पहिली पाटी देतात, तेव्हा त्याच्याकडून गिरवून घेतात ते ह्याच देवाचं नाव. म्हणून तर कुठल्याही कामाच्या आरंभाला आपण श्रीगणेशा म्हणतो.

आणि अशा लिहित्या देवाच्या गावची आम्ही माणसं! आमच्या आज्यानं सावकाराच्या वहीत अंगठा उठवला. बापानं मुकादमाच्या वहीत उठवला. मायनं रेशनच्या दुकानात उठवला. देवाच्या हाती लेखणी, भक्ताच्या हाताला शाई!

आमचं शिक्षण चौथीपर्यंतचं. दसरा झाला की मायबाप ऊसतोडीला निघायचे. कोपीवर लहान भावंडं सांभाळायला आम्ही संगं. उन्हाळ्याच्या तोंडाला परत यावं तर शाळेतली पोरं धडा संपवून पुढं गेलेली. असं करता करता शाळा सुटली. तरी हाती लागलं होतं तेवढं अक्षर सोडलं नाही. पुढं गिरणीत लागलो, युनियनच्या कचेरीत शिळी वर्तमानपत्रं वाचून त्या अक्षराला धार लावली. त्याच जोरावर हे चोपडं लिहितो आहोत. शुद्धलेखनाच्या चुका निघतील, त्या विद्वानांनी पदरात घ्याव्यात. मजकुरात चूक निघाली तर मात्र फाटकावर गाठून सांगा.

मूळ गोष्टीवर येतो. गिरणीचं नाव घेत नाही. दुसरी पाळी सुटायची वेळ. फाटकाजवळ टेबल मांडलेलं, टेबलावर कागदांची चवड आणि निळ्या शाईचा पॅड. घरची ओढ सगळ्यांनाच. आमच्या रिंग खात्यातल्या एकानं विचारलं, "काय लिव्हलंय ह्याच्यात साहेब?" साहेब हसून म्हणाला, "काही नाही हो, हजेरीची नवी पद्धत आलीय. लावा, लावा, मागं रांग आहे." अकरा जणांनी कागद केले. सात अंगठे, चार सह्या.

पंधरा दिवसांनी कळलं. कागदावर लिहिलं होतं की आम्ही आमच्या राजीखुशीनं नोकरी सोडत आहोत, आमचा सगळा हिशेब मिळाला, आता कंपनीकडे आमचं काही येणं नाही. आणि दुसऱ्या कागदावर तेच अकरा जण पहिल्या तारखेपासून ठेकेदाराकडे नव्यानं कामाला लागले होते! साचा तोच, पाळी तीच, घाम तोच. नऊ-नऊ, बारा-बारा वर्षांची नोकरी मात्र एका निळ्या ठिपक्याखाली गेली. ग्रॅच्युइटीची वर्षं पुसली. कायमपणा गेला. युनियननं धावाधाव केली. वरच्या कचेरीत साहेबानं कागद पुढं धरला आणि एकच प्रश्न केला, "सही तुमचीच ना?"

ह्या अकरा जणांत सगळ्यांत जास्त रडला कोण, ठाऊक आहे? अंगठेवाले नव्हेत. रडला तो सहीवाला. मागल्याच वर्षी त्यानं सही शिकली होती. पोरीनं शिकवली होती. वळणदार सही, खाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं. पॅड बाजूला सारून त्यानं ऐटीत पेन मागून घेतलं होतं.

बंधूंनो, इथं थोडं थांबा, कारण आमच्या चळवळीची मोठी चूक इथंच आहे. "अंगठा हटवा, सही शिकवा" अशा मोहिमा आपण केल्या. सही आली की माणूस साक्षर झाला असं समजून हार घातले, फोटो काढले. अहो, सही म्हणजे साक्षरता नव्हे! सही म्हणजे आपल्याच नावाचं चित्र. अंगठेवाल्याच्या कागदाखाली निदान "वाचून दाखवला, समजावून सांगितला" असं कुणाला तरी लिहावं लागतं, साक्षीदार लागतो. सही दिसली की जग धरून चालतं, की ह्यानं वाचलं, समजून घेतलं आणि मग केली. म्हणजे वाचता न येणाऱ्याला नुसती सही शिकवणं म्हणजे त्याच्या अंगावरचं होतं नव्हतं तेवढं चिलखत काढून घेणं. मालकाला अंगठेबहाद्दर चालतो. सहीबहाद्दर तर त्याला अंगठेबहाद्दराहून जास्त आवडतो. त्याला नको असतो तो वाचणारा!

आता कोणी म्हणेल, हे कामगाराचं रडगाणं भाषेच्या सभेत कशाला? तर ऐका. १९४८ च्या कारखाना कायद्यात १०८ वं कलम होतं. कारखान्यात लावायच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावाव्यात, असं त्यात सांगितलं होतं. कलम चांगलं. पण भाषा समजणं एक आणि अक्षर वाचता येणं दुसरं. फळ्यावर मराठी कागद डकवला, कायदा पाळला गेला, आणि खाली उभा असलेला मराठी माणूस त्या कागदाकडे पाहतोय जसा बैल पंचांगाकडे पाहतो! कायद्यानं भाषा दिली. डोळे कोण देणार?

आम्ही मराठवाड्याची माणसं. भाषा हिरावली म्हणजे काय होतं हे आमच्या घरात पिढ्यानपिढ्या मुरलेलं आहे. बीड जिल्हा निजामाच्या राज्यात. दरबारची भाषा उर्दू, कोर्टाची उर्दू, कचेरीची उर्दू. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघालं, तिथं सगळं शिक्षण उर्दूतून. आणि रयत बोलणार मराठी, तेलुगू, कानडी! खासगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी लागे. उर्दूशी आमचं वैर नाही, हे इथंच स्पष्ट लिहितो. उर्दू आमच्या मागखात्यातल्या मोमीन भावांची भाषा आहे, गोड भाषा आहे. वैर आहे ते रयतेला न कळणाऱ्या भाषेत रयतेचा निवाडा करणाऱ्या सत्तेशी. त्या राज्यात शाळा चालवणं हेच बंड होतं. स्वामी रामानंद तीर्थ ह्यांनी आधी ना. म. जोशींच्या हाताखाली कामगार चळवळीत काम केलं, मग हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि आमच्या आंबेजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात शिकवलं आणि नंतर निजामाशी लढा उभारला. कामगार, शाळा आणि भाषा ही तीन कामं त्या माणसानं वेगळी धरली नाहीत. आपण का धरतो?

१७ सप्टेंबर १९४८ ला निजाम हटला. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. त्यासाठी शंभरावर माणसं बळी पडली, त्यांत आपल्या गिरण्यांतली माणसं होती. १९६४ साली मराठी राजभाषेचा कायदा झाला. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रानं मराठीला अभिजात भाषा म्हणून मान्यता दिली. पेढे वाटले, आम्हीही खाल्ले. पण पेढा खाताना शेजारच्या साच्यावरची बाई म्हणाली, "अभिजात म्हंजी काय ओ?" आम्ही सांगितलं, लई जुनी, लई थोर भाषा. ती म्हणाली, "मग मला कदी वाचाया यील ती?" त्या प्रश्नाला आमच्याजवळ पेढा नव्हता.

आमच्या बीड जिल्ह्याकडेच पाहा. मराठीतला आद्य ग्रंथ समजला जाणारा विवेकसिंधू लिहिणाऱ्या मुकुंदराजांची समाधी आंबेजोगाईला. त्याच गावी दासोपंत होऊन गेले, १५५१ ते १६१५ हा त्यांचा काळ. त्यांनी काय केलं? पासोडीवर, म्हणजे कापडावर, पंचीकरण नावाचा ग्रंथ लिहिला. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापड, आणि त्यावर मराठी अक्षर! आम्ही हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमच्या गिरणीवाल्या मनात आलं, ते कापड विणलं कुणी असेल? सूत कातलं कुणी? ते हात लिहितावाचता येणारे होते का? दासोपंतांचं नाव राहिलं, ते राहायलाच पाहिजे. विणणाऱ्याचं राहिलं नाही. आज चारशे वर्षांनी आपण तेच कापड विणतो आणि त्यावर काय लिहिलंय ते दुसऱ्याला विचारतो. गठ्ठ्यावरचा छाप वाचता येत नाही म्हणून चुकीच्या लॉटची कांडी लावली आणि दंड भरला, असे गडी आमच्या खात्यात आहेत.

न वाचलेल्या कागदाचा सूड किती लांब पोचतो हेही आम्ही नुकतंच पाहिलं. २०२३ साली मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर न्यायमूर्ती शिंदे ह्यांची समिती नेमली गेली, आणि मराठवाड्यातली निजामकाळची कागदपत्रं शोधायला सुरुवात झाली. आरक्षणाची बाजू इथं मांडत नाही, ज्याचं त्यानं ठरवावं. आम्ही बोलतो आहोत त्या दप्तरांबद्दल. कागद निघाले ते उर्दूत आणि मोडीत. वाचणार कोण? जाणकार शोधत फिरावं लागलं. ज्यांच्या आज्या-पणज्यांची नावं त्यात होती, ती माणसं कचेरीच्या ओट्यावर बसून होती. आपलाच आजा, आपलंच गाव, आपलीच जमीन, आणि वाचायला परका माणूस. तेव्हा लिपी आड आली होती. आज लिपी आपली आहे, देवनागरी आहे, तरी आमच्या कितीतरी भावाबहिणींना ती मोडीइतकीच परकी आहे.

कितीतरी म्हणजे किती? १९५१ च्या शिरगणतीत देशात १०० माणसांत १८ साक्षर होते. २०११ च्या शिरगणतीत महाराष्ट्रात १०० मागं ८२ निघाले. हे थोडं काम नव्हे, ज्या मास्तरांनी केलं त्यांना आमचा मुजरा. पण तो आकडा फोडून पाहा. पुरुष १०० मागं ८८, बाया ७६. आणि बीड जिल्हा राज्याच्या सरासरीच्या मागं. गिरणीत, ऊसतोडीत, वीटभट्टीवर जी माणसं येतात ती ह्याच उरलेल्यांतली. शहरातल्या साहेबाला वाटतं निरक्षरता संपली, कारण त्याच्या दिवाणखान्यात ती दिसत नाही. ती त्याची भांडी घासून मागच्या दारानं गेलेली असते.

रोजच्या जिण्यात अक्षराचं मोल काय, हे पुस्तकात पाहायला नको. रेशनचं घ्या. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य, अंत्योदयवाल्या घराला ३५ किलो. दुकानात यंत्रावर अंगठा ठेवला की पावती निघते. सहा माणसांचे ३० किलो व्हायला हवेत. पावतीवर ३० छापलेत आणि पिशवीत २४ आहेत, हे कोणाला कळेल? ज्याला ३० आणि २४ वाचता येतात त्याला! अंगठ्याचं यंत्र चोराला पकडायला आणलं म्हणतात. यंत्र माणूस ओळखतं, माप ओळखत नाही.

फंडाचं घ्या. आमच्या किती जणांचा प्रॉव्हिडंट फंड अडला आहे तो एका अक्षरापायी. आधार कार्डावर नाव एक, गिरणीच्या रजिस्टरात दुसरं. भरती करताना कारकुनानं ऐकलं तसं लिहिलं, आणि ज्याचं नाव त्याला वाचता येत नव्हतं म्हणून चूक वीस वर्षं तशीच राहिली. लेकीच्या लग्नाला पैसे काढायला गेला तेव्हा कळलं की कागदावरचा माणूस तो नव्हेच! मग दुरुस्तीचे अर्ज, खेटे, आणि कचेरीबाहेर टेबल टाकून बसलेला दलाल. हा दलाल काय विकतो? अक्षरं विकतो. आपल्याला न येणारी आपलीच अक्षरं.

मोबाइलमुळं तर नवीच जप्ती आली. बँकेचा म्हणून कोणी फोन करतो, आलेला आकडा विचारतो. त्या आकड्याच्या वरच स्पष्ट लिहिलेलं असतं, कोणालाही सांगू नका. वाचता येणारेही फसतात, नाही असं नाही. पण न वाचता येणाऱ्याला तर तो इशारा मिळालेलाच नसतो.

आणि ऊसतोड. आमच्या जिल्ह्याच्या कपाळी लिहिलेला शब्द. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. माणूस मोजायचा तोही हत्यारानं. मुकादम उचल देतो, वहीत लिहितो. खेप किती टनाची भरली, ते काटा सांगतो आणि वही ऐकते. सहा महिने राबून हिशेबाला बसलं की उचल फिटलेलीच नसते. आमचा बाप म्हणायचा, "मुकादमाची वही अन् भगताचं भूत, दोन्ही त्येलाच दिसत्यात." आम्ही चौथीत असताना एकदा ती वही हळूच वाचायचा प्रयत्न केला, तर मुकादमानं ती मिटून घेतली आणि बापाला म्हणाला, "पोरगं लई शहाणं झालंय, पुढच्या साली ह्येला शाळेतच ठेव." रागानं म्हणाला होता. तसं झालं असतं तर त्याचे आम्ही आजन्म उपकार मानले असते!

२०१९ साल आठवा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचा बोभाटा झाला. नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती बसली. ८२ हजारांवर बायांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजारांवर बायांची पिशवी काढलेली निघाली. शस्त्रक्रियेच्या आधी संमतीचा कागद असतो. आम्ही असं म्हणत नाही की वाचता आलं असतं तर सगळ्या वाचल्या असत्या. गरिबी आहे, खाडा पडला की कापला जाणारा पैसा आहे, लोभी माणसं आहेत. पण कॅन्सर होईल अशी भीती घालणाऱ्याला "काय लिहिलंय ते मला वाचू द्या, मी उद्या सांगते" एवढं म्हणायची जागा त्या बाईला कोणी ठेवली होती? जिनं जन्मात कागद वाचला नाही ती कागदाला हरकत कशी घेणार? आमच्या बहिणींच्या पोटावर चाललेली सुरी आधी त्यांच्या पाटीवर चालली होती, असं आम्ही म्हणतो, आणि हे म्हणणं मागं घेणार नाही.

आता आमच्या विरोधकांकडे वळतो. पहिला विरोधक आपल्यातलाच आहे. तो म्हणतो, "शिकून काय झालं? माझा पुतण्या बी.ए. झाला अन् रिकामा हिंडतोय." खरं आहे. पुतण्याला नोकरी मिळाली पाहिजे, त्यासाठी वेगळं भांडू. पण भावा, तुझ्या पुतण्याला त्या अकरा जणांसारखं फसवता येईल का? नोकरी देईल तेवढंच शिक्षण, हा मालकाचा हिशेब झाला. भाकरी मिळवायला हात पुरतात. मिळवलेली भाकरी राखायला अक्षर लागतं.

दुसरा म्हणतो, मराठी शिकून काय उपयोग, पोराला इंग्रजीत घाला. कर्ज काढून घालतात! पोरगं गाणं म्हणून दाखवतं, आईबाप खूश. पण घरी आलेली नोटीस ना आईला वाचता येते, ना पोराला मराठीत समजावता येते. इंग्रजी शिकवा, खुशाल शिकवा, आम्हालाही शिकायची आहे. यंत्रावरच्या पाट्या इंग्रजीत असतात. पण ज्या भाषेत पोर रडतं त्या भाषेत ते आधी वाचायला शिकलं पाहिजे. दुसऱ्या भाषेचं सूत त्याच साच्यावर चढतं.

तिसरा विरोधक खुर्चीत बसलेला आहे. त्याला मराठी येते, पण ती कोणाला कळू नये अशी लिहितो. "उपरोक्त विषयान्वये आपणांस सूचित करण्यात येते की आपला दावा यथोचित पुराव्याअभावी विचारार्थ घेता येत नाही." अहो साहेब, "तुमचा कागद कमी पडला, तो आणा" असं लिहायला शाई जास्त लागते काय? आम्ही निजामाची उर्दू काढून मराठी आणली ती ह्या मराठीसाठी नव्हे. आज्यानं उर्दू कागद दलालाकडून वाचून घेतला, नातू मराठी कागद दलालाकडून वाचून घेतो. मग राज्य बदललं ते कोणाचं?

आणि चौथं, सरकारचं घोडं. १८८२ साली हंटर कमिशनपुढं जोतिबा फुल्यांनी मागणी केली की बारा वर्षं वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात ते सक्तीचं आणि मोफत केलं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं धाकट्या पोरांची शाळा घरापासून किलोमीटरभराच्या आत द्यायचं ठरलं. आणि २०२३ साली आमच्याच सरकारनं विचार पुढं आणला की २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा कराव्यात! वस्तीवरची, तांड्यावरची शाळा मिटली की पहिल्यांदा घरी कोण बसणार? पोरगी. मग २०३१ साली तिला गिरणीच्या फाटकावर निळा पॅड दाखवायला कोणीतरी उभा असेलच. पट का कमी झाला, हे तरी विचारा! दिवाळीनंतर आमच्या भागातल्या शाळेचा पट ट्रकात आणि ट्रॅक्टरात बसून साखर कारखान्याला गेलेला असतो. पोरांसाठी हंगामी वसतिगृहं चांगली चालवा, त्यांना गावी ठेवा, पट आपोआप भरेल.

सीमाभागातले आपले भाऊ पाहा. बेळगाव, निपाणी, खानापूर, बिदरकडचा मराठी माणूस १९५६ पासून दर १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळतो. त्याची एक साधी मागणी आहे, सरकारी कागद आम्हाला मराठीत द्या. त्यासाठी त्यानं लाठ्या खाल्ल्या, खटले सोसले. तो मराठी कागदासाठी लढतोय आणि आपल्याला मिळालेला मराठी कागद आपण न वाचता अंगठा लावून परत करतोय. त्याला आपण कोणतं तोंड दाखवणार?

आमच्या स्वतःच्या युनियनलाही सोडत नाही. वर्गणीच्या पावतीवर आम्हीही अंगठे घेतले आहेत. ठराव वाचून न दाखवता हात वर करून घेतले आहेत. काही पुढाऱ्यांना न वाचणारा सभासद सोयीचा वाटतो, हिशेब विचारत नाही. असा पुढारी आणि तो फाटकावरचा साहेब, दोघांत पॅडच्या शाईचाच काय तो फरक.

गिरणी कामगारांची पूर्वपरंपरा अशी नव्हती हो! १८५५ साली जोतिबा-सावित्रीबाईंनी आपल्या घरी रात्रीची शाळा काढली, ती दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-मजुरांसाठी. त्यांचे साथी नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरवली आणि ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारपुढं ठेवला. आठवड्याची सुट्टी द्या, दुपारी अर्धा तास विसावा द्या, पगार वेळेवर द्या. ते लोखंडे 'दीनबंधू' नावाचं पत्र चालवत. म्हणजे कामगार चळवळ जन्माला आली तीच एका हातात अर्ज आणि दुसऱ्या हातात वर्तमानपत्र घेऊन. अण्णाभाऊ साठे शाळेत गेले जेमतेम दीड दिवस. वाटेगावाहून चालत मुंबईला आले, गिरणीत राबले, अक्षर स्वतः कमावलं आणि त्यांच्या 'फकिरा'नं मराठी हलवली. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा ज्यांच्या शाहिरीनं पेटल्या तेही अण्णाभाऊच. नारायण सुर्वे हे रस्त्यावर सापडलेलं मूल, गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगारानं घरी आणलं. गिरणीत काम केलं, शाळेत शिपाई झाले, मग परीक्षा देऊन त्याच पालिकेच्या शाळांत मास्तर झाले. १९९५ साली आमच्या मराठवाड्यात परभणीला साहित्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष तेच. शिपायाला घंटा द्यायची असते. ह्या शिपायानं घंटा दिली आणि मग वर्गातही शिरला.

आणि होत नाही असं कोणी म्हणू नका. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गावानंच गाव शिकवायचं, देवळात, चावडीत, कंदील लावून. पुढं ती महाराष्ट्रभर पोचली. आज १५ वर्षांवरच्या निरक्षरांसाठी उल्लास नावाचा कार्यक्रम आहे, २०२२ ते २०२७ असा. वाचन, लेखन, आकडेमोड शिकवायची, परीक्षा घ्यायची, आणि शिकवणारा स्वयंसेवक, बिनपैशाचा. आमचं म्हणणं, बारा तास राबलेल्या माणसाला साक्षर करायचं काम फुकटात होत नाही. शिकवणाऱ्याला मानधन द्या, आणि गिरणीनं आठवड्याचे दोन तास भरपगारी सोडावेत. साच्याला तेल घालायला साचा थांबवता, तो खर्च कधी बुडीत धरला आहे काय? सूचना फळ्यावर लावलीच, तर पाळी सुरू होताना मोठ्यानं वाचूनही दाखवा. नोकरीच्या कुठल्याही कागदावर सही घ्यायची असेल, तर तो कागद कामगाराला तीन दिवस घरी नेऊ द्या. ही शेवटची मागणी मान्य करायला एक रुपयाही लागत नाही. म्हणूनच मालक तिला सगळ्यांत जास्त विरोध करील, बघा तुम्ही.

सरकार देईल, मालक देईल, तोवर आम्ही बसून राहणार नाही. युनियनच्या कचेरीत दर रविवारी सकाळी ९ वाजता वर्ग भरतो. रविवारची सुट्टी लोखंड्यांच्या लढ्यानं १० जून १८९० ला मिळाली, त्यातला दीड तास आम्ही मागतो आहोत. बायांचा वर्ग वेगळा नाही, एकत्रच बसायचं. लेकरं असतील तर घेऊन या. तो वळणदार सहीवाला गडी पहिल्या रांगेत असतो. आता तो सही करत नाही, आधी बोट ठेवून ओळ वाचतो, वाचता वाचता अडतो, घाम पुसतो, पुन्हा वाचतो. मागल्या रविवारी त्यानं स्वतःची पगारपावती वाचली आणि विचारलं, ही तिसरी कपात कशाची? आम्हाला कोणालाच सांगता आली नाही. सोमवारी सगळे मिळून विचारायला गेलो.

पाटी आणू नका. येताना आपली पगारपावती आणा.